पोलिसांच्या गाडीला पडलेला बत्तीस तासांचा वेढा

१ ऑक्टोबर १९६४. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले परिसरातील स्प्राऊल प्लाझा या चौकात, प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांजवळ एक साधे टेबल मांडलेले होते. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या 'कोअर' या संघटनेची पत्रके टेबलावर होती आणि त्यामागे जॅक वाइनबर्ग हा गणिताचे पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडलेला तरुण बसला होता. विद्यापीठाने अशा टेबलांवर बंदी घातलेली होती. दुपारी बाराच्या सुमारास पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले व आपल्या गाडीत बसवले. ती वेळ दोन तासांमधल्या सुटीची असल्याने चौक विद्यार्थ्यांनी भरलेला होता. गर्दीतून कुणीतरी 'खाली बसा' अशी हाक दिली आणि पाहता पाहता शेकडो विद्यार्थी गाडीच्या पुढे-मागे जमिनीवर बसले. गाडी जागची हलू शकली नाही. ती तब्बल बत्तीस तास तिथेच उभी राहिली, आणि वाइनबर्गही सारा वेळ आतच होता.

या बत्तीस तासांत जे घडले त्याला पुढे 'फ्री स्पीच मूव्हमेंट', म्हणजे मुक्त अभिव्यक्तीची चळवळ, असे नाव मिळाले. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी काय बोलावे, ते कुणी ठरवावे आणि पोलिसांना केव्हा बोलवावे, हे प्रश्न जगभर पुन्हा पुन्हा उभे राहतात. त्यांची उत्तरे शोधताना बर्कलेचा दाखला आजही दिला जातो. तो नीट समजून घ्यायचा, तर मूळ भांडण कशावरून झाले, इथपासून सुरुवात करावी लागते.

सव्वीस फुटांची पट्टी

भांडण जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवरून सुरू झाले. बँक्रॉफ्ट वे आणि टेलिग्राफ ॲव्हेन्यू हे रस्ते जिथे मिळतात, तिथे विद्यापीठाच्या प्रवेशद्वारालगत सुमारे सव्वीस फूट रुंदीचा पदपथ होता. विद्यापीठाच्या आवारात बाहेरच्या राजकारणाचा प्रचार करण्यास मनाई असल्याने डाव्या-उजव्या सर्वच विद्यार्थी संघटना तिथे टेबले मांडत, वर्गणी गोळा करत आणि सभासद नोंदवत. ही जागा शहराच्या मालकीची आहे, अशी सर्वांची समजूत होती. वास्तविक ती विद्यापीठाची होती. हे ध्यानात आल्यावर १४ सप्टेंबर १९६४ रोजी विद्यार्थी व्यवहाराच्या अधिष्ठाता कॅथरीन टाउल यांनी संघटनांना पत्र पाठवले आणि ही पट्टीही बंद केली.

या निर्णयाने एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे गट एकत्र आले. नागरी हक्कांसाठी लढणारे, समाजवादी आणि त्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरलेल्या बॅरी गोल्डवॉटर यांचे कडवे उजवे समर्थक या सर्वांनी मिळून संयुक्त आघाडी उभारली. चळवळीचे हे सर्वपक्षीय मूळ पुढे अनेकांच्या स्मरणातून गेले. मागणी कोणत्याही एका विचाराच्या विजयाची नव्हती. सर्वच विचारांना उभे राहायला जागा मिळावी, एवढीच ती होती.

३० सप्टेंबरला नियम मोडून टेबले मांडणाऱ्या पाच विद्यार्थ्यांना अधिष्ठात्यांपुढे हजर राहण्यास सांगण्यात आले. त्यांच्यासोबत शेकडो विद्यार्थी गेले. 'आम्हीही टेबलावर बसलो होतो, आम्हालाही तीच शिक्षा द्या', असे लेखी निवेदन त्यांनी सादर केले. प्रशासनाने मात्र निवडक आठ जणांना निलंबित केले. वाइनबर्गला अटक झाली ती दुसऱ्याच दिवशी.

नागपूरहून गेलेला धागा

या विद्यार्थ्यांना जमिनीवर बसण्याची ही युक्ती कुठून सुचली? तिचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मोपदेशक १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. तिथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर नॅशव्हिल शहरातील विद्यार्थ्यांना त्यांनी अहिंसक प्रतिकाराचे रीतसर शिक्षण दिले. शिवी खाऊन हात न उचलणे, मार बसताना डोके कसे वाचवावे, अटकेच्या वेळी अंग सैल कसे सोडावे, याचा अक्षरशः सराव करून घेतला जाई. १९६० मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी केवळ गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत ठिय्या दिला आणि या कामाबद्दल लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. याच वर्षी दक्षिणेतील विद्यार्थ्यांनी 'स्निक' या नावाने ओळखली जाणारी समन्वय समिती स्थापन केली. कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करण्यासाठी १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात जी मोहीम झाली, तिच्या अग्रभागी हीच समिती होती.

या मोहिमेत तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली. तिथे काम करून बर्कलेला परतलेल्यांत तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी मारिओ सॅव्हिओ होता. मतदानाच्या हक्कासाठी माणसे जीव धोक्यात घालताना त्याने पाहिली होती. परत आल्यावर त्यांच्यासाठी चार डॉलर गोळा करायलाही विद्यापीठाची मनाई आहे, हे त्याला असह्य झाले. दुसरेही एक कारण होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या शेरेटन पॅलेस हॉटेलात नोकरभरतीतील वर्णभेदाविरुद्ध निदर्शने होऊन शंभरावर लोकांना अटक झाली होती. त्यांत बर्कलेचे विद्यार्थी बरेच होते. विद्यापीठाच्या दारात सैनिक भरती होतात आणि ते शहरात जाऊन कायदा मोडतात, अशी तक्रार वाढत होती. त्यामुळे वादाचा खरा मुद्दा पत्रकांचा नव्हताच. बाहेर होणाऱ्या कृतीसाठी आवारात आवाहन करता येईल की नाही, हा तो मुद्दा होता.

गाडीचे टप आणि त्यावरचे व्यासपीठ

सॅव्हिओ एरवी अडखळत बोलत असे. १ ऑक्टोबरला मात्र तो पायांतले बूट काढून पोलिसांच्या गाडीच्या टपावर चढला आणि बोलू लागला. त्याच्यामागून अनेक जण चढले. त्यांत आंदोलनाला विरोध करणारेही होते आणि त्यांनाही बोलू दिले गेले. रात्री विरोधी विद्यार्थ्यांचा जमाव आला, अंडी आणि जळत्या सिगारेटी फेकल्या गेल्या, पण बसलेले उठले नाहीत.

विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्यापुढचा पेच सोपा नव्हता. कर हे अर्थतज्ज्ञ, कामगार तंट्यांतील नाणावलेले मध्यस्थ आणि उदारमतवादी म्हणून ओळखले जात. १९५० मध्ये कम्युनिस्टविरोधी निष्ठाशपथ घेण्यास नकार दिल्यावरून याच विद्यापीठातील ३१ अध्यापकांना काढण्यात आले, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्यांत कर होते. राज्यातील प्रत्येक होतकरू मुलाला उच्च शिक्षणाची दारे उघडणाऱ्या १९६० च्या आराखड्याचे ते शिल्पकार होते. मात्र आधुनिक विद्यापीठ ही 'मल्टिव्हर्सिटी' आहे, म्हणजे ज्ञान निर्माण करून समाजाला पुरवणारा एक अवाढव्य व्यवसाय आहे, असे वर्णनही त्यांनीच केले होते. हे वर्णन विद्यार्थ्यांच्या मनात कायमचे सलत राहिले. सत्तावीस हजार विद्यार्थ्यांच्या त्या गर्दीत आपण कारखान्यातला कच्चा माल आहोत, अशी त्यांची भावना झाली होती.

२ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत आसपासच्या गावांतून सुमारे पाचशे पोलीस परिसरात गोळा झाले. पालकांच्या भेटीचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. लाठी उचलली जाण्याच्या आत कर यांनी विद्यार्थी प्रतिनिधींशी करार केला. वाइनबर्गवर विद्यापीठ फिर्याद करणार नाही, निलंबनाचा प्रश्न समितीकडे सोपवला जाईल आणि नियमांवर विद्यार्थी, अध्यापक व प्रशासन मिळून चर्चा करतील, असे ठरले. सॅव्हिओने पुन्हा गाडीवर चढून कराराचा मसुदा वाचला आणि सर्वांना शांतपणे घरी जाण्यास सांगितले. चौक रिकामा झाला. रक्ताचा थेंबही सांडला नाही.

डिसेंबरची रात्र

हा समेट टिकला नाही. रीजेंट्स या नियामक मंडळाने २० नोव्हेंबरला काही सवलती दिल्या, परंतु बाहेर बेकायदा ठरणाऱ्या कृतीचे आवाहन आवारात केल्यास शिक्षा करण्याचा अधिकार राखून ठेवला. आवाहनाचे रूपांतर बेकायदा कृतीत झाले, हे न्यायालय ठरवणार की विद्यापीठाचे अधिकारी, असा विद्यार्थ्यांचा सवाल होता. चळवळीला ओहोटी लागल्यासारखे दिसत असतानाच प्रशासनाने ऑक्टोबरमधील घटनांबद्दल सॅव्हिओ आणि इतर काही नेत्यांवर नव्याने शिस्तभंगाची कारवाई सुरू केली. मिटलेले प्रकरण पुन्हा उकरून काढले, ही भावना पसरायला एवढे पुरेसे होते.

२ डिसेंबरला स्प्राऊल हॉलच्या पायऱ्यांवरून सॅव्हिओने केलेले भाषण पुढे अजरामर झाले. यंत्राचे चालणे असह्य झाले की त्याच्या चाकांवर, दांड्यांवर आपले शरीर टाकून ते थांबवावे लागते, असा त्याचा आशय होता. त्यानंतर हजारावर विद्यार्थी शांतपणे इमारतीत शिरले. गायिका जोन बाएझ त्यांच्यासोबत होती. आत अभ्यास झाला, वर्ग भरले, गाणी झाली.

राज्याचे गव्हर्नर पॅट ब्राऊन यांनी पोलीस कारवाईचा आदेश दिला. ३ डिसेंबरच्या पहाटे इमारत रिकामी करण्याचा इशारा देण्यात आला आणि अटका सुरू झाल्या. विद्यार्थ्यांनी अंग सैल सोडले आणि त्यांना एकेक करून जिन्यांवरून ओढत खाली आणावे लागले. सुमारे आठशे जणांना अटक करण्यास बारा तास लागले. तोपर्यंत दिवस उजाडला होता. कामावर आणि वर्गावर आलेल्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले. आदल्या दिवशीपर्यंत तटस्थ असणारे हजारो जण त्या सकाळी चळवळीच्या बाजूचे झाले. अध्यापकांनी जामिनासाठी पैसे जमवले, कित्येक जण आपल्या मोटारी घेऊन तुरुंगाच्या दारात विद्यार्थ्यांना आणायला गेले. शिकवण्याचे काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संपामुळे वर्ग ओस पडले.

७ डिसेंबरला खुल्या ग्रीक थिएटरमध्ये हजारोंच्या सभेत कर यांनी तोडगा जाहीर केला. सभा संपताच सॅव्हिओ ध्वनिक्षेपकाकडे गेला आणि तो एक शब्द बोलण्याच्या आत पोलिसांनी त्याला धरून मंचामागे ओढत नेले. भाषणस्वातंत्र्याच्या वादावर समेट जाहीर करण्याच्या सभेतच बोलू पाहणाऱ्याला ओढून नेले जाते, हे दृश्य पाहिल्यावर तोडग्यात जीव उरला नाही.

८२४ विरुद्ध ११५

दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबरला, अध्यापकांच्या सिनेटची सभा भरली. बाहेर हजारो विद्यार्थी ध्वनिवर्धकावरून चर्चा ऐकत होते. ठराव ८२४ विरुद्ध ११५ मतांनी संमत झाला. भाषणाच्या वा प्रचाराच्या आशयावर विद्यापीठाने बंधन घालू नये, मात्र विद्यापीठाच्या नित्य कामात व्यत्यय येऊ नये यासाठी वेळ, जागा आणि रीत यांविषयी वाजवी नियम करता येतील, हा या ठरावाचा गाभा होता. तात्काळ बळाचा किंवा हिंसेचा वापर करण्यास चिथावणारे बोलणे या संरक्षणातून वगळावे, अशी दुरुस्ती एका प्राध्यापकाने मांडली होती. तिचा अर्थ अधिकारी आपल्या सोयीने लावतील या शंकेपोटी सभेने ती फेटाळली. सभा संपवून बाहेर पडणाऱ्या प्राध्यापकांसाठी विद्यार्थ्यांनी वाट करून दिली आणि टाळ्यांचा कडकडाट केला.

१८ डिसेंबरला रीजेंट्सनी शिस्तीचा अंतिम अधिकार आपल्याकडेच ठेवला. मात्र राज्यघटनेच्या पहिल्या व चौदाव्या दुरुस्तीने जेवढी बंधने घालता येतात, त्यापलीकडे विद्यापीठ जाणार नाही, हे त्यांनी मान्य केले. यातील मर्म समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत पहिली दुरुस्ती शासनाला बांधते. बर्कले हे राज्याचे विद्यापीठ असल्याने तेही शासनाचेच अंग ठरते. कोलंबियासारख्या खासगी विद्यापीठाला हे बंधन थेट लागू होत नाही. तिथे विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य मुख्यतः संस्थेच्या स्वतःच्या नियमांवर आणि परंपरेवर अवलंबून राहते.

आशय आणि रीत यांतील हा भेद कागदावर स्वच्छ दिसतो. विद्यापीठ एखाद्या घोषणेवर बंदी घालू शकत नाही, पण परीक्षेच्या वेळी खिडकीखाली ती कर्ण्यातून देण्यास मनाई करू शकते. अडचण अशी, की हेच नियम सोयीने वापरताही येतात. जागा गैरसोयीची द्यायची, वेळ अवघड ठरवायची, आणि आशयाला हात न लावता आवाज बंद करायचा, हा मोह प्रत्येक प्रशासनाला होतो. म्हणून नियम सर्वांना सारखा लावला जातो का, हीच खरी कसोटी ठरते.

विजयाची किंमत

चळवळ जिंकली, पण किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. अटक झालेल्यांवर १९६५ मध्ये खटले चालले आणि सॅव्हिओला १२० दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. १९६६ मध्ये 'बर्कलेतील गोंधळ' निस्तरण्याचे आश्वासन देत रोनाल्ड रेगन गव्हर्नरपदी निवडून आले आणि जानेवारी १९६७ मध्ये रीजेंट्सनी कर यांना पदच्युत केले. विद्यार्थ्यांना जे कठोर वाटत होते, ते कर सत्ताधाऱ्यांना फारच मवाळ वाटले. केंद्रीय तपास संस्था 'एफबीआय' करांविरुद्ध गुप्तपणे काम करत होती, हे पत्रकार सेथ रोझेनफेल्ड यांनी न्यायालयीन लढाई देऊन मिळवलेल्या कागदपत्रांतून पुढे उघड झाले.

त्यानंतरची वर्षे अधिक रक्तरंजित ठरली. मे १९६९ मध्ये बर्कलेतील 'पीपल्स पार्क'च्या संघर्षात पोलिसांच्या गोळीने जेम्स रेक्टर या तरुणाचा बळी गेला. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांनी तेरा सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. त्यात चार विद्यार्थी ठार आणि नऊ जखमी झाले. त्याच महिन्यात मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला. त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली.

फवारा, हिशेब आणि वाटाघाटी

१९९६ मध्ये सॅव्हिओचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठाने स्प्राऊल हॉलच्या पायऱ्यांना त्याचे नाव दिले. ज्या आंदोलनासाठी तुरुंगात पाठवले, त्याचेच स्मारक झाले. तरी जुना पेच सुटला नव्हता. ९ नोव्हेंबर २०११ रोजी याच परिसरात हातांत हात गुंफून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी दंडुके चालवले. मार बसलेल्यांत तिथेच शिकवणारे नामवंत कवी रॉबर्ट हास होते. नऊ दिवसांनी याच विद्यापीठाच्या डेव्हिस परिसरात एका पोलीस अधिकाऱ्याने रांगेने जमिनीवर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडांवर मिरीच्या द्रावाचा फवारा मारला. झाडांवर औषध मारावे तशा सहजतेने चाललेले त्याचे ते काम भ्रमणध्वनीवर टिपले गेले आणि जगभर पाहिले गेले. हा प्रसंग टाळायला हवा होता आणि टाळता आला असता, असा निष्कर्ष माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने काढला. विद्यापीठाने २०१२ मध्ये दहा लाख डॉलरची तडजोड मान्य केली. त्यातून २१ जणांना प्रत्येकी तीस हजार डॉलर मिळाले. पुढे आणखी एक गोष्ट उजेडात आली. आंतरजालावर त्या फवाऱ्याचा उल्लेख झाकला जावा म्हणून विद्यापीठाने सल्लागारांवर किमान पावणेदोन लाख डॉलर खर्च केले होते.

२०१७ मध्ये कसोटीची बाजूच उलटली. १ फेब्रुवारीला उजव्या विचारांचे चिथावणीखोर वक्ते मिलो यिआनोपोलस यांचे भाषण तोडफोडीमुळे रद्द करावे लागले. बोलण्यावर आता बंदी विद्यापीठाची नव्हती, ती जमावाच्या दांडगाईने आली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उजव्या विचारांचे भाष्यकार बेन शापिरो यांचे भाषण पार पाडण्यासाठी विद्यापीठाला सुमारे सहा लाख डॉलर बंदोबस्तावर खर्च करावे लागले. पोलीस येथे वक्त्याचे तोंड बंद करायला नव्हे, तर त्याला बोलता यावे म्हणून उभे होते. पोलिसांचे आवारात असणे हेच स्वातंत्र्याच्या विरुद्ध असते, ही सोपी समजूत इथे अपुरी पडते.

२०२४ च्या वसंतात गाझातील युद्धाविरुद्ध अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले आणि देशभर तीन हजारांहून अधिक अटका झाल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ३० एप्रिलच्या रात्री पोलिसांनी विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेली हॅमिल्टन हॉल ही इमारत रिकामी केली. त्याच रात्री लॉस एंजेलिसच्या परिसरात तंबूंवर बाहेरच्या जमावाने हल्ला चढवला, तेव्हा पोलीस कित्येक तास हस्तक्षेपाविना राहिले. एका दिवसाच्या अंतराने मात्र तेच तंबू उखडण्यासाठी ते आले आणि दोनशेंहून अधिक जणांना अटक झाली. बर्कलेतही तंबू पडले होते, तेही सॅव्हिओच्या नावाच्या त्या पायऱ्यांसमोर. कुलगुरूंच्या तोलाच्या चॅन्सेलर कॅरोल क्राइस्ट यांनी मात्र वाटाघाटी चालू ठेवल्या आणि १४ मे रोजी विद्यार्थ्यांनी आपणहून तंबू काढले. आपल्याला पुरेसे मिळाले नाही, असे काही विद्यार्थ्यांना वाटत राहिले. प्रशासनाने फार दिले, असे काही टीकाकारांना वाटत राहिले.

साठ वर्षांपूर्वी २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी करांनी केलेल्या करारालाही अशीच दुहेरी नापसंती लाभली होती. त्या रात्री पाचशे पोलीस काठी न उचलता माघारी गेले आणि गाडीतला तरुण बाहेर आला. दोन महिन्यांनी आठशे जणांना ओढून नेले गेले, तेव्हा कायद्याची अंमलबजावणी पूर्ण झाली, आणि पाचच दिवसांत ज्या नियमासाठी ती झाली तो नियम अध्यापकांनीच मोडीत काढला.